आरमाराचा हिवाळा

गेल्या मार्गशीर्षांत कांहीं घरगुती कामानिमित्त श्रीवर्धनास जाण्याचा योग आला. मुरुडाहून निघून आगरदांड्याच्या धक्क्यावर पोहोंचलों, तों दिघीस जाणारी फेरीबोट नुकतीच सुटली होती, आणि दुसरी येईपर्यंत थांबण्यावांचून गत्यंतर नव्हतें. धक्क्यावर मोटारींची रांग लागलेली होती. रांगेच्या अग्रभागीं एक विलक्षण वाहन उभें होतें. दुरून पाहणारास तें मालवाहू वाटावें. परंतु जवळ जाऊन पाहतों तों खिडक्यांना पडदे, दाराशीं पायपुसणें, आंत शेगडीवर चहाचें आधण आणि दोरीवर वाळत घातलेला पंचा, असा एक सबंध संसार चार चाकांवर थाटलेला! गाडीचे धनी पुण्याचे, नोकरींतून निवृत्त झालेले गृहस्थ. बरोबर त्यांच्या पत्नी. "या, चहा घ्या, बोट यायला अवकाश आहे," असें त्यांनीं आपण होऊनच म्हटलें, आणि मी संकोच न करितां आंत जाऊन बसलों.

थंडीचे तीन महिने किनाऱ्याकिनाऱ्यानें हिंडावें, मन रमेल तेथें मुक्काम करावा, असा त्यांचा क्रम आहे. टपावर सूर्यप्रकाशापासून वीज करणारे पत्रे बसविले आहेत, पाण्याची टाकी यंदा मोठी करून घेतली आहे, आणि आणखी एक बॅटरी रत्नागिरीस ओळखीच्या मेस्त्रीकडून बसवून घ्यावयाची आहे, ही हकीकत त्यांनीं मोठ्या उत्साहानें सांगितली. त्यांच्या पत्नी मध्येंच म्हणाल्या, "घर बांधलें म्हणजे मेस्त्री एकदांच येतो, भाऊ; ह्या घराला तो दर वर्षीं लागतो."

ही हौस अमेरिकेंतून आली, हें सांगावयास नकोच. तेथील ॲरिझोना राज्यांत क्वार्ट्झसाइट म्हणून एक लहानसें गांव वाळवंटांत आहे. उत्तरेकडे बर्फ पडूं लागलें म्हणजे हजारों वृद्ध जोडपीं आपापलीं घरें चाकांवर घेऊन तेथें उतरतात. गांवालगतच्या सरकारी माळावर 15 सप्टेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत एका परवान्यावर मुक्काम करितां येतो. आणि मुक्काम म्हटला कीं डागडुजी आलीच, म्हणून पत्रे, टाक्या, बॅटऱ्या व चाकें यांचा बाजार तेथें दर हिवाळ्यांत भरतो. गंमत अशी कीं, या गांवची सर्वांत प्रसिद्ध वास्तु म्हणजे एका उंटवाल्याची समाधि आहे. अमेरिकन सैन्यानें गेल्या शतकाच्याहि मागच्या शतकांत, 1856 च्या सुमारास, वाळवंटांतील दळणवळणासाठीं उंट आणून पाहिले. त्यांच्याबरोबर आलेला हाजी अली 1902 मध्यें तेथेंच वारला. तेथील लोकांनीं त्याच्या नांवाचें 'हाय जॉली' करून टाकलें आणि त्याच्या थडग्यावर दगडी मनोरा रचून त्याच्या शिखरावर धातूचा उंट बसविला. असो.

माझें लक्ष मात्र त्या गृहस्थांच्या तोंडच्या एका शब्दानें वेधून घेतलें होतें. 'हिवाळी मुक्काम' असा तो शब्द. समोर राजपुरीची खाडी पसरलेली. उजव्या हातास, खाडीच्या मुखाशीं, जंजिऱ्याचे बुरूज पाण्यांतून वर आलेले. आणि याच पाण्यावर जन्म काढणाऱ्या, आपल्या वाहनांतच राहणाऱ्या, दर वर्षीं कोठें तरी मुक्काम करून तें वाहन दुरुस्त करून घेणाऱ्या एका मोठ्या समुदायाच्या 'हिवाळ्या'विषयीं इंग्रजांच्या जुन्या कागदांत जें वारंवार लिहिलेलें आहे, तें मला आठवूं लागलें. तो हिवाळा थंडीचा नव्हता. तो ज्येष्ठांत सुरू होऊन श्रावणांत संपत असे.

येथें थोडा शब्दाचा उलगडा केला पाहिजे, कारण त्यावांचून पुढील इतिहासाची संगति लागत नाहीं. पोर्तुगीज लोक या किनाऱ्यावर आले ते लिस्बनचे ऋतु डोक्यांत घेऊन आले. त्यांच्या देशीं पाऊस पडतो तो हिवाळ्यांत; उन्हाळा कोरडा जातो. तेव्हां ज्या दिवसांत आकाश भरून येतें, समुद्र खवळतो आणि जहाजें बंदरांत अडकून पडतात, ते दिवस म्हणजे 'इन्व्हेर्नु', अर्थात् हिवाळा, अशी त्यांनीं आपली समजूत करून घेतली. इंग्रजांनीं तोच प्रयोग त्यांच्यापासून उचलला. 1886 सालीं यूल व बर्नेल यांनीं 'हॉब्सन-जॉब्सन' हा आपला कोश प्रसिद्ध केला, त्यांत 'विंटर' या शब्दाला स्वतंत्र जागा द्यावी लागली, ती याच कारणानें. सतराव्या शतकांतील वखारवाला जेव्हां लिहितो कीं अमक्या आरमारानें मुंबईस हिवाळा काढला, तेव्हां त्याचा अर्थ त्या आरमारानें मुंबईस पावसाळा काढला असा घ्यावयाचा. हें ध्यानांत न ठेवितां जो वाचील त्याच्या हातून मोहिमेचे महिने आणि विसाव्याचे महिने यांची सरळ अदलाबदल होईल. आणि ही अदलाबदल झाली कीं शिवछत्रपतींची जंजिऱ्याविषयींची तळमळ आणि मुंबईकर इंग्रजांवरील त्यांचा रोष, या दोहोंचेंहि मर्म हातून निसटेल.

आमच्या भाषेंत यासाठीं अधिक नेमका शब्द होता व आहे, तो म्हणजे छावणी. आज छावणी म्हटली कीं लष्कराच्या कायमच्या बराकी डोळ्यांपुढें येतात. पण मूळ अर्थ आच्छादनाचा, शाकारण्याचा आहे. पावसाळ्यापुरतें डोक्यावर छप्पर घालून सैन्यानें एके जागीं राहणें, ती छावणी. आणि दसऱ्यास सीमोल्लंघन करून ती मोडणें, हा महाराष्ट्राचा शिरस्ता. आरमाराचेंहि तसेंच. नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहिल्याशिवाय गलबत बाहेर पडावयाचें नाहीं, आणि वैशाखाच्या अखेरीस दक्षिणेचा वारा भरूं लागला कीं शिडें उतरून खाडी गांठावयाची.

खाडी गांठून करावयाचें काय? मुंबईस पहिली कोरडी गोदी झाली ती 1750 सालीं. त्यापूर्वीं या किनाऱ्यावर जहाजाचा तळ दुरुस्त करावयाचा तर उधाणाच्या भरतीबरोबर तें जमिनीवर ओढून घ्यावें, आडव्या ओंडक्यांवर टेकवावें, आणि चार महिने तसेंच ठेवावें, एवढाच मार्ग होता. मग तळाला चिकटलेले शिंपले तासून काढावयाचे. किड्यांनीं पोखरलेली फळी काढून नवी बसवावयाची. सांध्यांत तेलांत भिजविलेला कापूस ठासून वर राळ चढवावयाची. सगळ्या तळाला तेल व चुना यांचा लेप द्यावयाचा. सुंभाचे नवे दोर वळावयाचे. शिडें फाटलीं असतील तीं शिवावयाचीं. आणि वर झापांचें छप्पर घालून पावसापासून लांकूड राखावयाचें. गुराब म्हणजे दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें लढाऊ जहाज. तीन डोलकाठ्यांचें असेल तर तें 300 टनांपर्यंत जाई. गलबत त्याहून पुष्कळ लहान, क्वचितच 70 टनांच्या वर. पण त्याला चाळीस-पन्नास वल्हीं असत, म्हणून वारा पडला तरी तें चाले. असें आरमार जमिनीवर ओढून ठेविलेलें आहे अशी कल्पना करा. ज्याच्या तोफांनीं आठ महिने किनारा थरथरला, तें या चार महिन्यांत एका मशालीनें भस्म होण्यासारखें असतें. म्हणून छावणी कोठें करावयाची, हा आरमाराच्या जीविताचा प्रश्न होता.

आतां सिद्दीकडे वळूं. 1670 च्या सुमारास जंजिऱ्याचा किल्लेदार फत्तेखान शिवाजीमहाराजांच्या रेट्यापुढें किल्ला देण्यास तयार झाला, तेव्हां त्याच्याच हाताखालच्या सिद्द्यांनीं त्याला कैद केलें आणि मोगल बादशहाचा आश्रय घेतला. तेव्हांपासून जंजिऱ्याचें आरमार बादशाही झालें. त्याचा खर्च सुरतेकडून चालूं लागला. खाडीच्या कांठचा दांडा-राजपुरीचा ठाणेदुर्ग महाराजांनीं घेतलेला होता, तो सिद्दी कासमानें 1671 च्या होळीच्या रात्रीं, शिबंदी सणांत गुंग असतां, परत हिसकावला. ही कथा खाफीखानानें मोठ्या चवीनें सांगितली आहे. त्या काळच्या कागदांत दांडा आणि राजपुरी हीं नांवें नेहमीं जोडीनें येतात. आज आपण ज्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहतों, तो याच जोडीच्या शेजारचा.

दांडा हातीं असतां सिद्दीनें आपलें आरमार याच खाडींत कां ओढून ठेवलें नाहीं, अशी शंका येणें साहजिक आहे. माझ्या मतें उत्तर या धक्क्यावर उभें राहिलें कीं डोळ्यांनाच मिळतें. दोन्ही तीरांवर डोंगर पाण्यापर्यंत उतरलेले आहेत. खाडीचें मुख जंजिरा राखील. पण डोंगरावरून रात्रीं उतरणाऱ्या मावळ्यांना कोण राखणार? आसपासचा मुलूख मराठ्यांचा, धान्य मराठ्यांचें, लांकूडहि मराठ्यांच्या रानांतलें. उलट मुंबईस इंग्रजांच्या किल्ल्याची सावली, बाजार भरलेला, आणि समोरच पेण-नागोठण्याच्या खाड्या, म्हणजे पावसाळा सरतांच लुटावयास सोपा असा शत्रूचा पिकलेला मुलूख. ऑक्टोबर 1673 मध्यें सिद्दीच्या लोकांनीं मुंबईच्या बंदरांत शिरून याच खाड्यांच्या कांठचीं गांवें जाळलीं. पाहुणा रात्रीं यजमानाच्या घरीं निजतो आणि पहाटे शेजाऱ्याच्या घरावर दरोडा घालतो. शेजारी रागावला तर तो कोणावर रागावेल?

यजमानाची अडचणहि लहान नव्हती. मुंबईचा गव्हर्नर जेराल्ड आँजिये हा मोठा धोरणी पुरुष. कंपनीची मुख्य वखार सुरतेस, म्हणजे बादशहाच्या मुठींत. सिद्दीस नकार द्यावा तर सुरतेचा व्यापार बंद पडतो. मुंबईची जळाऊ लांकडें व भात येणार शिवाजीमहाराजांच्या किनाऱ्यावरून. सिद्दीस होकार द्यावा तर चुली बंद पडतात. 1674 सालीं सिद्दी संबूल आरमार घेऊन आला आणि त्याचे लोक माझगांवांत बळेंच घरांतून घुसूं लागले, तेव्हां त्यांना हुसकून लावावें लागलें. अखेर ठरलें तें असें कीं, एका वेळीं 300 हून अधिक माणसांनीं किनाऱ्यावर उतरूं नये, आणि उतरणारांनीं तरवारीवांचून दुसरें हत्यार बाळगूं नये. याच वर्षीं कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर राज्याभिषेकाचा नजराणा घेऊन गेला आणि मैत्रीचा तह करून आला! एका दारानें सिद्दी आंत, दुसऱ्या दारानें वकील बाहेर. या व्यवहाराला कोणी मुत्सद्देगिरी म्हणो. रायगडावरून तो कसा दिसला असेल हें सांगण्याची आवश्यकता नाहीं.

माझगांवकरांचें काय झालें असेल, याचा विचार इतिहासकार फारसा करीत नाहींत. माझगांव त्या वेळीं सात बेटांपैकीं एक. वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, कांहीं पोर्तुगीज जमीनदारांची. त्यांच्या शेतवाड्यांत दर ज्येष्ठांत परक्या आरमाराचे खलाशी येऊन बसावयाचे. 1677 मध्यें तर सिद्दी संबूल आणि सिद्दी कासम यांच्यांतच आरमाराच्या सरदारकीवरून जुंपली, आणि ती लढाई झाली माझगांवच्या आवारांत. इंग्रजांना मध्यें पडून ती मिटवावी लागली.

याच्या पुढच्याच वर्षीं महाराजांनीं जो बेत केला, तो मला त्यांच्या सागरी राजकारणांतील सर्वांत मार्मिक वाटतो. जंजिरा घेण्यास किती तरी वेळां तोफा लागल्या होत्या. 1676 मध्यें मोरोपंतांच्या मोहिमेंत लाय पाटील नांवाच्या कोळ्यानें रात्रीं तटाला शिड्या लावल्या, पण मागून मदत वेळेवर पोहोंचली नाहीं. परंपरा सांगते कीं, महाराजांनीं त्याला पालखीचा मान दिला, तेव्हां 'दर्यावर्दी माणसानें पालखी घेऊन काय करावें?' असें म्हणून त्यानें ती नाकारली. म्हणून महाराजांनीं एक गलबतच बांधवून त्याचें नांव 'पालखी' ठेवलें आणि तें त्याला दिलें. तट अभेद्य खरा. मग शत्रु तटाबाहेर आणि पाण्याबाहेर असतांनाच त्याला गांठावा, हें उघड होतें. 1678 च्या जुलै महिन्यांत दौलतखान व दर्यासारंग हे आरमाराचे सरदार 4000 माणसें घेऊन पनवेलीस उतरले. पलीकडे माझगांवास सिद्दीचें आरमार ओढून ठेविलेलें. रात्रींत पाणी ओलांडून त्याला आग लावावयाची! परंतु ज्या पावसानें शत्रूला जमिनीवर आणून ठेविलें, त्याच पावसानें यांचीहि वाट अडविली. होड्या मिळेनात, समुद्र पार करवेना. ठाण्यावरून खुष्कीनें जावें म्हटलें तर पोर्तुगिजांनीं वाट दिली नाहीं. चार हजार माणसें परत फिरलीं.

मुंबईच्या बंदरावर नजर ठेवणारें स्वतःचें ठाणें पाहिजे, ही गोष्ट त्यानंतर अटळ झाली. 1679 चा पावसाळा सरतां सरतां मराठ्यांनीं खांदेरी बेट बांधावयास घेतलें. इंग्रजांनीं व सिद्दीनें तें घेण्याची शिकस्त केली. 18 ऑक्टोबरच्या लढाईंत इंग्रजांची एक गुराब मराठ्यांच्या हातीं लागली. बेट कांहीं सुटलें नाहीं. जानेवारी 1680 मध्यें सिद्दीनें शेजारचें उंदेरी धरलें. मार्चांत इंग्रजांनीं महाराजांशीं समेट केला, त्यांत सिद्दीच्या या पावसाळी मुक्कामाला बंदी घालण्याचें कलम मुख्य होतें. महाराज 3 एप्रिल रोजीं निवर्तले, आणि तो पावसाळा आला तेव्हां सिद्दीचें आरमार मुंबईस होतेंच. त्या पावसाळ्यांत उंदेरीवर चालून गेलेल्या मराठ्यांचीं 80 मस्तकें टोपल्यांत घालून सिद्दीनें माझगांवास आणलीं आणि किनाऱ्यानें खांबांवर टांगण्याचा घाट घातला. इंग्रजांनीं तेवढी मात्र मनाई केली, असें ऑर्म लिहितो.

खऱ्या हिवाळ्यांतहि या खाडीवर एक मोठा मुक्काम पडला, त्याचा उल्लेख येथें केला पाहिजे. 1681-82 च्या थंडींत संभाजीमहाराज वीस हजार फौजेनिशीं राजपुरीस येऊन उतरले. किनाऱ्यापासून जंजिऱ्यापर्यंत सुमारें 800 यार्डांचें पाणी. तें दगडांनीं व लांकडांनीं भरून काढून पायवाटेनें किल्ल्यावर जावयाचें, असा त्यांनीं घाट घातला. रामायणांतील सेतूची आठवण कोणास होणार नाहीं? काम चालूं असतांच हसनअलीखान कल्याणच्या बाजूस उतरल्याची वार्ता आली, आणि राजाला जातीनें निघावें लागलें. दादाजी रघुनाथानें मागें राहून प्रयत्न चालविला, पण तो निष्फळ झाला. जंजिऱ्याचें संस्थान 1948 मध्यें हिंदुस्थानांत विलीन झालें, तोंपर्यंत तो किल्ला सिद्द्यांकडेच होता.

आणि इंग्रजांना त्यांच्या पाहुणचाराचें फळ काय मिळालें? कंपनीनें बादशहाशीं लढाई उकरून काढतांच, फेब्रुवारी 1689 मध्यें सिद्दी याकूतखान मध्यरात्रीं शिवडीस उतरला. माझगांवचा प्रत्येक उंबरठा त्याच्या लोकांच्या ओळखीचा होता. इतके पावसाळे त्यांनीं तेथें काढले होते. माझगांव व माहीम त्यानें घेतलें, किल्ल्याला वेढा घातला, आणि तो हलला तो कंपनीनें औरंगजेबापुढें नाक घासून दीड लाख रुपये दंड भरल्यावर, जून 1690 मध्यें. जातांना माझगांवचा कोट त्याच्या लोकांनीं जाळून टाकला.

मराठ्यांनीं मात्र या सगळ्यापासून धडा घेतल्याचें दिसतें. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत, जें 1715 च्या आगेंमागें लिहिलें गेलें, आरमाराच्या प्रकरणांत छावणीचा विचार फार बारकाईनें केलेला आहे. पर्जन्यकाळाच्या आधीं कांहीं दिवस आरमार आंत घ्यावें. तें किल्ल्याच्या आश्रयानें, खोल खाडींत ठेवावें. छावणी दर वर्षीं एकाच बंदरांत करूं नये. आणि भरवस्तीच्या बंदरांत तर नकोच, कारण आरमारी लोकांचा उपद्रव रयतेस व व्यापाऱ्यांस होतो. लांकडासाठींहि आंबा-फणस यांसारखीं रयतेचीं झाडें तिच्या राजीखुषीवांचून तोडूं नयेत, असें बजावलें आहे. इंग्रजांचा 300 माणसांचा नियम आणि अमात्यांचा हा नियम यांत मला मोठा फरक वाटतो. पहिला नियम भीतीनें केलेला आहे, पाहुणा घरांत शिरल्यानंतर. दुसरा, घरधन्याच्या मनाची कल्पना करून, आधींच.

आज महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत राजपुरीस गेलें तर होड्या अजूनहि किनाऱ्यावर ओढलेल्या, वर आच्छादन घातलेल्या दिसतात. झापांच्या जागीं निळें प्लॅस्टिक आलें आहे, आणि शिडाच्या जागीं इंजिन. इंजिन खोलून त्याचे भाग तेलांत घातलेले असतात, जाळीं विणणें-सांधणें चाललेलें असतें.

हें सारें मनांत घोळत असतां बोट येऊन लागली. पुण्याच्या गृहस्थांनीं लगबगीनें पेले विसळले, पंचा दोरीवरून ओढला, आणि तें घर हळूहळू उतरणीवरून बोटीवर चढलें. पलीकडे दिघीस उतरतांना मीं त्यांना सहज विचारलें, "पावसाळ्यांत हें कोठें ठेवतां?"

"मेहुण्यांच्या वाड्यांत," ते म्हणाले. "जागा ऐसपैस आहे, मेस्त्रीहि जवळ राहतो. मेहुणे मात्र दर वर्षीं कुरकुर करतात."